घमेल्यातले हात

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं लेथ मशिनचं एक जुनं वर्कशॉप होतं. ते बंद पडल्यावर विश्वजीतनं आणि मी ती शेड भाड्यानं घेतली आणि तिला 'पत्रा' असं नाव ठेवलं, कारण वरचा पत्रा सोडून तिथं दुसरं काहीच नव्हतं. उन्हाळ्यात आत भट्टी होते, पावसाळ्यात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि स्टेशनात गाडी शिरली की सगळं छप्पर थडथडतं. मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांमध्ये गारवा असतो, पांढऱ्याशुभ्र भिंती असतात आणि दारात तुमच्या चपलांवरून तुम्हाला जोखणारा एक माणूस असतो. आमच्याकडं यातलं काही नाही. आमच्याकडं एक नियम होता. विश्वजीतनं तो दाराच्या वर, आतल्या भिंतीवर, लाल ऑइलपेंटनं लिहिला होता: 'इथं कोणी कोणाला थांबवत नाही.'

विश्वजीत गणपतीचे साचे बनवतो. त्यावर त्याचं घर चालतं आणि उरलेल्या वेळात तो शिल्पकार असतो. कॉलेजात असताना प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्याचं शिल्प कुणीतरी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं होतं, प्रमुख पाहुण्यांना आवडणार नाही म्हणून. तो राग त्याच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मी शाळेत ड्रॉइंगची बाई. 'रेषेच्या बाहेर जाऊ नका' असं म्हणण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळं तो नियम मला विश्वजीतपेक्षाही जास्त आवडला. बाहेरच्या जगात जो तो अडवायलाच बसलेला असतो. निदान एका शेडमध्ये तरी कुणी अडवू नये, एवढंच आमचं म्हणणं होतं, आणि त्याचा आम्हाला भलताच अभिमान होता.

पोरंही यायची. फर्दापूरच्या एका मुलानं पर्यटकांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची अख्खी लेणी आमच्याकडं उभी केली. एकीनं जमिनीवर मक्याचे दाणे पसरून त्यावर पाहुण्यांना अनवाणी चालायला लावलं. आमच्या घरमालकांनी ते बघून आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं होतं. या मुलांना मोठ्या ठिकाणी कुणी दारात उभं करत नाही. आमच्याकडं त्यांना फक्त किल्ली मागावी लागायची.

लाइबा अशीच आली. सिल्लोडची मुलगी, इथल्या आर्ट कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिची आई नजमुन्निसा लग्नांत मेंदी काढते आणि लाइबाही लहानपणापासून आईबरोबर नवऱ्या मुलींचे हात रंगवत आलेली. ती डावरी आहे. नवरीला उलट्या हातानं मेंदी काढते म्हणून बायका कुरकुर करायच्या, तेव्हा नजमुन्निसा त्यांना म्हणायची, मग दुसरी कुणी बघा. दुसरी तशी कुणी नव्हती. लाइबा काढत असताना मी तिचा हात तासन्‌तास बघितला आहे. डावी करंगळी समोरच्या तळहातावर टेकायची, तिच्यावर सगळा हात तोलायचा, आणि मेंदीच्या कोनातून केसाएवढी रेघ न तुटता निघत राहायची.

हात बघणं हा माझा जुना नाद आहे. माणसाच्या शरीरात काढायला सगळ्यात अवघड हातच. मुलं म्हणूनच चित्रातल्या माणसांचे हात खिशात घालतात नाहीतर पाठीमागं लपवतात. मी बसमध्ये, रांगेत, पंगतीत लोकांची तोंडं विसरते, पण हात विसरत नाही. त्या दिवशी हे उपयोगी पडलं. पुरतं पडलं नाही.

लाइबानं मांडलेली कल्पना अशी होती. मेंदी लावली की बाईला कामातून सुट्टी मिळते. हात वाळेपर्यंत ती काही करू शकत नाही, दुसऱ्या बायका तिला घास भरवतात, तिची ओढणी सारखी करतात. तेवढीच सुट्टी. लाइबा ओल्या मेंदीचे दोन्ही हात घमेल्यातल्या पीओपीत बुडवून बसणार होती. पीओपी घट्ट झालं की लोकांनी एकेकानं येऊन लहान हातोडीनं ते फोडायचं, तिला सोडवायचं, आणि मेंदी उमटलेला एकेक तुकडा घरी न्यायचा. तोवर ती एक शब्दही बोलणार नव्हती.

"दुसऱ्यांनी सोडवल्याशिवाय सुटायचंच नाही," ती म्हणाली. "तेच काम आहे, मॅडम."

मला ते इतकं आवडलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी विचारलं, मधेच त्रास व्हायला लागला तर? काहीतरी इशारा ठरवूया.

"इशारा ठरवला की मी नुसती इशाऱ्याचीच वाट बघत बसेन," लाइबा म्हणाली. "तुमचा नियम आहे ना?"

विश्वजीतनं हसून माझ्याकडं बघितलं. नियम होताच.

जानेवारीत आम्ही करून बघितलं होतं. सकाळची वेळ, गार पाणी, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात एकच हात. पीओपी घट्ट होताना गरम होतं हे विश्वजीतला ठाऊक होतं, लाइबालाही सांगितलं होतं. डबा कोमट झाला. "छान वाटतंय, शेक घेतल्यासारखं," असं ती म्हणाली, आणि तो विषय आमच्या तिघांच्याही डोक्यातून गेला.

प्रत्यक्ष कार्यक्रम एप्रिलमध्ये ठरला. दिल्लीच्या एका संस्थेच्या बाई लहान जागांमधलं काम बघत फिरत होत्या आणि त्या आमच्याकडं येणार होत्या. अशा लोकांपुढं आपण उगाचच ताठ बसतो. विश्वजीतनं आइस्क्रीमचा डबा बाजूला ठेवला आणि बांधकामावरचं मोठं लोखंडी घमेलं आणलं, कारण डबा काही शोभला नसता. हातांना तेल लावायचं नाही असं ठरलं, कारण तेलावर मेंदी उमटली नसती. आणि पाणी ड्रममधलं घेतलं. आमच्या भागात नळाला पाणी येतं तेव्हा येतं, म्हणून अंगणात निळा ड्रम भरलेला असतो. दिवसभर त्याच्यावर ऊन होतं. विश्वजीतनं त्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"लई तापलंय पाणी," तो म्हणाला. "बरंच झालं. लवकर सेट होईल. पाहुण्यांना ताटकळत ठेवायला नको."

मी मान डोलावली. पुढं जे झालं ते या एका वाक्यातून झालं, आणि ते ऐकताना मला काहीही खटकलं नाही.

नजमुन्निसा दुपारी सिल्लोडहून एसटीनं आली. लेकीचं काम बघायला ती पहिल्यांदाच येत होती. बरोबर डबा, डब्यात खिचडा, आणि पिशवीत मेंदीचे कोन. तिनं तिथंच खाली बसून लाइबाच्या दोन्ही तळहातांवर आणि हातांच्या पाठीवर मेंदी काढली. जमलेली पोरं सगळी तिच्याभोवती गोळा झाली. तिनं शेवटचं बोट पुरं केलं, लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

ऊन उतरायला लागलं होतं. कॉलेजची मुलं, गल्लीतली काही माणसं, एक पत्रकार आणि दिल्लीच्या बाई, असे सगळे दाराकडं पाठ करून बसलो. लाइबा आमच्या समोर चौरंगावर बसली, तिच्यापुढं घमेलं. म्हणजे दार आणि दारावरची ती लाल अक्षरं फक्त तिलाच दिसत होती. हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

विश्वजीतनं पीओपी कालवलं, चांगलं दाट. लाइबानं हात आत घातले. मी सवयीनं बघत होते: तळवे खाली, बोटं फाकलेली, दोन्ही अंगठे एकमेकांना टेकलेले. मनगटांपर्यंत हात बुडाले, पांढरा लगदा हळूच हातांवर मिटला आणि ती समोर बघत स्थिर झाली. कुणीतरी दबक्या आवाजात वा म्हणालं.

सुरुवातीला सगळं सुंदर होतं. लगद्यावरची चमक गेली, तो खडूसारखा दिसायला लागला. एक गाडी गेली, पत्रा थडथडला, थांबला. लाइबाच्या ओठांवर घाम आला. आम्हा सगळ्यांनाच घाम येत होता, त्यामुळं त्यात काही वेगळं नव्हतं. मग तिच्या पायाची बोटं आत वळली. चौरंगाच्या कडेला तिनं टाच दाबून धरली होती आणि पोटरीची शीर ताठ झाली होती.

नजमुन्निसा माझ्याकडं वळली. "बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "हे असंच असतंय का?"

"हो आपा," मी म्हणाले. "असंच असतं."

तिनं मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागली. तिचा माझ्यावर विश्वास होता. लेक शिकलेली, मी शिकवणारी, जागा आमची; ती कशाला शंका घेईल? आणि मला तर काहीच माहीत नव्हतं. मी फक्त उत्तर दिलं होतं.

लाइबाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. डोळे माझ्यावर होते, मग माझ्या डोक्यावरून मागं कुठंतरी, मग परत माझ्यावर. दिल्लीच्या बाई पुढं वाकून फोटो काढत होत्या. मुलं श्वास रोखून बसली होती. किती ताकदीनं करतेय, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं, आणि सगळ्यात भीतीची गोष्ट ही की मलाही तसंच वाटत होतं. माझं अर्धं मन म्हणत होतं, मुलीला भाजतंय. दुसरं अर्धं म्हणत होतं, काय काम करतेय पोरगी.

मी उठले. कडेनं, भिंतीला चिकटून, कॅमेरा लावून उभ्या असलेल्या विश्वजीतकडं गेले.

"तिला त्रास होतोय."

"होणारच," तो पुटपुटला. "कामच तसं आहे. मधे पडू नको, मंजूताई. आपणच मधे पडलो तर मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय?"

'त्यांच्यात' म्हणजे शिल्प जिन्याखाली नेणाऱ्यांत. मला तेही पटलं. मी अशी बाई आहे की मला दोन्ही बाजू एकदमच पटतात. मी परत जायला वळले, आणि जाता जाता, कुणाला दिसणार नाही असं वाकून, घमेल्याच्या कडेला बोट लावलं.

चुलीवरून उतरवलेल्या तव्याचा बसावा तसा चटका बसला. मी बोट तोंडात घातलं. कडेला हे, तर आत हातांपाशी काय असेल? मी लाइबाच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या जवळून तिचे दात वाजताना ऐकू येत होते.

"आपा," मी मोठ्यानं म्हणाले. "हे असं नसतं. उठा, हे असं नसतं."

नजमुन्निसा खुर्ची पाडून उठली. हातोड्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, त्यातली एक तिनं उचलली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आता फोडायची वेळ झाली, पहिला मान आईचा. एक मुलगा हातोडी घेऊन तिच्या मागं रांगेत येऊन उभा राहिला.

"टाळ्या वाजवू नका," मी म्हणाले. "हे खरं आहे. तिला भाजतंय."

टाळ्या थांबल्या, पण कुणी हललं नाही. सगळे आणखी पुढं सरकून बसले. हातातले फोन माझ्याकडं वळले. आमच्याकडं येऊन येऊन त्यांना आम्हीच शिकवलं होतं की खरं काय नि मांडलेलं काय हे विचारायचं नसतं. मी खरंच म्हणतेय, हे नाटक नाही, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि जितकं म्हणत गेले तितकं त्यांना ते कामातलंच वाटत गेलं. त्या क्षणी मी जितकी घाबरले तितकी जन्मात कधी घाबरले नव्हते. तीसएक माणसं भोवती होती आणि मदतीला त्यातलं एकही नव्हतं.

"लाइबा, बोल ना बेटा," हातोडी तशीच धरून नजमुन्निसा म्हणत होती; मारावी कुठं ते तिला कळत नव्हतं.

लाइबानं तोंड उघडलं. "अम्मी, जल रहा था," ती म्हणाली. "अब कुछ मालूम नहीं पड़ रहा."

ते ऐकून विश्वजीतनं कॅमेरा तसाच सोडला. त्यानं घमेल्याच्या कडांवर चारी बाजूंनी ठोकलं, आम्ही तिघांनी मिळून ते तिरकं केलं, आणि गोणपाटावर घमेल्याच्या आकाराचा पांढरा गोळा उतरला, लाइबाचे हात आत घेऊन. ती त्याच्यावर ओणवी झाली होती. दिल्लीच्या बाईंना आता कळलं होतं. त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेलं बर्फाचं खोकं ओढत आणलं आणि बाटल्यांमधलं गार पाणी गोळ्यावर ओतायला लागल्या. अंगणातल्या ड्रमच्या पाण्याचा काही उपयोग नव्हता. पाणी पडेल तिथून वाफ निघत होती.

विश्वजीतनं छिन्नी उचलली, टेकवली आणि तो थांबला. आयुष्यभर साचे फोडलेला माणूस, पण घाव घालेना.

"बोटं कुठं आहेत?" तो म्हणाला. "मंजूताई, मला दिसेना. आत बोटं कुठं आहेत?"

लाइबाला विचारून उपयोग नव्हता. तिला तिचे हातच जाणवत नव्हते.

मी कोळशाचा तुकडा घेतला. गेल्या कित्येक वर्षांत मी स्वतःचं असं एकही चित्र काढलेलं नाही. फळ्यावर काढते, पोरं उतरवून घेतात, घंटा होते. मी गुडघे टेकून त्या गरम गोळ्यावर कोळशानं लाइबाचे हात काढायला लागले. मनगटं दिसत होती. तिथून तळव्यांची रुंदी, अंगठे एकमेकांना टेकलेले, उजव्या हाताची चार बोटं फाकलेली. मी बघितलं होतं. मला दिसत होतं. माझ्या रेघेच्या पलीकडं विश्वजीत लगेच छिन्नी लावत होता. रेघ इंचभर चुकली तर घाव बोटावर बसणार होता. कागदावर चूक झाली तर खोडता येते. उजवा हात मी एका दमात काढला. गोळा मधोमध तडकला, मग उजवीकडची खपली निघाली आणि लालभडक, फोड आलेला, मेंदीनं माखलेला हात बाहेर आला. पाचही बोटं जागेवर होती. नजमुन्निसानं तो बर्फाच्या पाण्यात धरला.

डावा हात. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. मग करंगळीशी माझा कोळसा अडला.

हात आत जाताना करंगळी फाकलेली होती, हे नक्की. पण नंतर, पांढरा लगदा हातावर मिटता मिटता, ती थोडी हलल्यासारखी वाटली होती. आत वळली की बाहेर? मी डोळे मिटले. दिसेना. मी एक रेघ काढली, तिच्या शेजारी दुसरी काढली, आणि दोन्हींवर मला सारखाच विश्वास वाटला.

"सांग," विश्वजीत म्हणाला.

"तिथं मारू नको," मी म्हणाले. "तिथं मला नक्की माहीत नाही. बाकीचं आधी सोडव."

त्यानं बाकीचं आधी सोडवलं. चार बोटं निघाली. करंगळीभोवतीचा गोळा आम्ही कडेकडेनं, खरवडून, फुंकर मारत काढला, कारण मी घाबरले होते. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. तोवर ते एक बोट आत भाजत राहिलं.

दिल्लीच्या बाईंच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मागं पत्र्यात खुर्च्या, हातोड्या आणि खिचड्याचा न उघडलेला डबा तसाच पडून होता. त्याच दिवशी लोकांनी व्हिडिओ टाकले. खाली लिहिलेलं होतं, अंगावर काटा आला, आई आणि शिक्षिकेचं काम तर फारच जिवंत.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जेवढा मोठा गोळा तेवढी आग आत कोंडते, त्यात पाणीही तापलेलं. कोमट डब्यावरून घमेल्याचा अंदाज बांधायचा नसतो. उजवा हात बरा होईल. डाव्याला मांडीवरची कातडी काढून लावावी लागेल. करंगळीचं पुढचं पेर ठेवता येणार नाही, आणि उरलेली वाकेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. नजमुन्निसानं ते ऐकलं आणि ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ही मला विचारणार, हे असंच असतं का. ती वळून लेकीकडं गेली. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पत्रा आम्ही बंद ठेवला. मधे पैठणकडचा एक मुलगा किल्ली मागायला आला. त्याला छपराला उलटं टांगून घेऊन चित्र काढायचं होतं. मी त्याला विचारलं, खाली कोण उभं राहील, तुला कधी उतरवायचं हे कोण ठरवील, तू बोलू शकला नाहीस तर? तो माझ्याकडं बघतच राहिला. "मला वाटलं होतं, तुमच्याकडं असं काही नसतं," असं म्हणून तो निघून गेला. बाहेर जाऊन तो सांगेल की पत्रा घाबरला. सांगू दे. पत्रा घाबरलेलाच आहे. आता कुणी काही नवीन करायचं म्हटलं की मला आधी दात वाजल्याचा आवाज ऐकू येतो, आणि अशा बाईनं अशी जागा चालवावी की नाही हे मला कळत नाही.

पट्ट्या सुटल्यावर मी सिल्लोडला गेले. लाइबा ओट्यावर बसली होती. डावा हात मांडीवर, गुलाबी, ताणल्यासारख्या कातडीचा. करंगळी आखूड आणि सरळ.

"मॅडम, एक सांगू?" ती म्हणाली. "मला थांबवा म्हणायचं होतं. लई वेळ म्हणायचं होतं. पण समोर दारावर तेच लिहिलेलं, कोणी कोणाला थांबवत नाही. वाचलं की वाटायचं, मीच कशी मोडू. मग तुमच्याकडं बघायचे. वाटायचं, मॅडम येतील."

ती चिडून बोलली नाही.

"काढा ना," ती म्हणाली आणि डावा हात तिनं माझ्यापुढं केला. "आता कसा दिसतो ते तुम्ही काढा. मला अजून पेन्सिल धरवत नाय."

मी पिशवीतून कागद काढला. मनगट काढलं. तळवा, अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. करंगळीशी आले. या वेळी ती माझ्या डोळ्यांसमोर होती, लपलेली नव्हती, हलत नव्हती, चुकण्यासारखं काहीच नव्हतं. पेन्सिल तिथंच अडली. मी पेन्सिल घट्ट धरली, पुन्हा टेकवली. टोक कागदावर नुसतंच थडथडत राहिलं. लाइबा वाट बघत होती, आणि मला काढायचंच होतं, तिला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

नजमुन्निसा आतून चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले, माझ्याकडं बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"बास, बाई," ती म्हणाली. "तुम्ही घाबरल्यात. आज नका काढू."

तिच्या हाताला मेंदीचा वास होता. मी पेन्सिल खाली ठेवली.